अंपायरला लाइट ड्यूटी नसते

माझं निदान हॉस्पिटलात झालं नाही. न्यू जर्सीत, एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात झालं, भाजीच्या रॅकसमोर, भर दुपारी.

ऑगस्टचा सोमवार होता, आमचा ऑफ डे. आईने लिस्ट दिली होती. मी कोथिंबिरीच्या जुड्या हुंगून बघत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी मला घट्ट मिठी मारली. वळून बघतो तर आमच्या ओळखीतल्या एक मावशी. डोळ्यांत पाणी.

"धीर सोडू नको हं मिलिंद. आजकाल कॅन्सरचं काही पूर्वीसारखं नाही राहिलं. माझ्या नणंदेच्या दिराला झाला होता, आता बघ, टुणटुणीत आहे."

मी विचारलं, "कोणाला झालाय कॅन्सर, मावशी?"

मावशींनी मिठी सोडली. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या, दह्याचा मोठा डबा कोथिंबिरीवर ठेवला आणि दुकानाबाहेर पडल्या. काचेतून मला दिसत होतं, त्यांना स्वतःची गाडी सापडत नव्हती.

माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. हाडाच्या वर, जिथून महिन्यापूर्वी गाठ काढली होती, तिथे टाक्यांची जागा अजून खाजायची. मला समजलं. सगळं एकदम समजलं असं नाही, पण कोणाला विचारायचं ते समजलं.

*

आता थोडं माझ्याविषयी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सातवीपर्यंत मी नागपुरात मराठी शाळेत शिकलो, मग बाबांना इथे नोकरी लागली आणि आम्ही वेस्ट विंडसरला आलो. आपल्या लोकांची मुलं डॉक्टर झाली, इंजिनियर झाली. मी बेसबॉलचा अंपायर झालो. हौशी नाही, पगारी. फ्लोरिडाला पाच आठवडे अंपायरची शाळा केली, दीडशे पोरांतून निवडला गेलो आणि अगदी खालच्या पायरीच्या लीगमध्ये लागलो. दरवर्षी एक पायरी वर, नाहीतर घरी. पाच महिने मोटेलं, दिवसाला सहा-सहा तास ड्राइव्ह आणि रोज हजारो लोकांकडून आईवरून शिव्या. समाजाच्या कार्यक्रमात बाबांना लोक विचारायचे, "मुलगा काय करतो?" बाबा सांगायचे, "स्पोर्ट्समध्ये जज आहे." जज म्हटलं की लोक गप्प बसायचे.

आठ वर्षांत मी ट्रिपल-एला पोचलो. ट्रिपल-ए म्हणजे शेवटची पायरी, त्याच्यावर फक्त मोठी लीग, टीव्हीवर दिसते ती. तिथले अंपायर रजेवर गेले की बदली म्हणून आमच्यातून माणूस उचलतात. बदलीत नीट उभा राहिलात तर पुढे कायमची जागा. त्या उन्हाळ्यात दोन नावं बोलली जात होती. एक माझं आणि एक डगचं. डग माझ्याच क्रूमधला. गाडी एक, मोटेलची रूम एक, साबणसुद्धा एक म्हणायला हरकत नाही. मुद्दाम सांगतो, त्याच्याइतका जवळचा मित्र मला तोवर नव्हता.

बाबांना बेसबॉल कधीच कळला नाही. ते क्रिकेटवाले. नागपूरला सरकारी कारखान्यात होते तेव्हा पांढरा कोट घालून ऑफिसच्या मॅचेसना अंपायरिंग करायचे. मला अंपायरिंग त्यांनीच शिकवलं, खरं म्हणजे. "कारण सांगत बसायचं नाही. बोट वर केलं का केलं. मागं नाही घ्यायचं." माझी पहिली पगारी मॅच बघायला आई-बाबा आले होते. खेळाडू धावत बेसवर पोचला, मी दोन्ही हात आडवे पसरून सेफ दिला. म्हणजे तो वाचला, आउट नाही. स्टँडमधून बाबांचा आवाज आला, थेट नागपुरी: "काहून बे? वाइड कसा? बॉल तर टाकलाच नाही!" क्रिकेटमध्ये तीच खूण वाइडची असते ना. तेव्हापासून आमच्या घरात हा जोक. बेसमेंटमधलं पाणी थांबलं, इन्शुरन्सचं काम झालं, की कोणीतरी हात पसरायचं आणि कोणीतरी ओरडायचं, "वाइड!"

*

जुलैत छातीवरच्या गार्डचा पट्टा गळ्याशी टोचायला लागला. पट्टा सैल केला तरी टोचतोय. हात लावून बघितलं तर गाठ, शेंगदाण्याएवढी. आम्हाला सीझनमध्ये आजारी पडायला वेळ नसतो. बाबांचे मित्र डॉक्टर काका, तेही नागपूरचे, सर्जन. लहानपणी माझा हात मोडला तेव्हा त्यांनीच बसवला होता. दोन दिवस सुट्टी होती, तेवढ्यात त्यांच्याच क्लिनिकमध्ये गाठ काढली. मी त्याच संध्याकाळी परत गेलो.

आठवड्याने मोटेलवर काकांचा फोन. "मिलिंद, टीबीची गाठ दिसते रे. आपल्या लोकांत कॉमन आहे. कल्चरला टाकलंय, त्याला सहा आठवडे लागतात. तू सीझन संपव, मग बघू."

मी थँक्यू म्हटलं. कोणी विचारलं नसतानाही ते टीबीच्या कल्चरविषयी दहा मिनिटं बोलले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जो खेळाडू खरोखर बेसवर पोचलेला असतो तो गप्प उभा राहतो. नाही पोचलेला, तोच हातवारे करून सांगतो. हे मी रोज बघत होतो. पण काकांना कोण असं बघतं?

मग डग बदलला. मॅचच्या आधी नवे बॉल चिखलाने चोळून त्यांची चकाकी घालवायची असते. पाच-सहा डझन बॉल, कंटाळवाणं काम, आम्ही वाटून घ्यायचो. एके दिवशी मी ड्रेसिंग रूममध्ये आलो तर सगळे चोळून तयार. दुसऱ्या दिवशी तेच. मग माझी बॅग उचलायला लागला. मग म्हणाला, "मिल, उद्या होम प्लेटवर मी उभा राहतो, तू थर्ड बेसवर जा, ऊन फार आहे."

प्लेटची पाळी, म्हणजे बॅटरच्या मागे उभं राहून प्रत्येक बॉल जोखायची, अंपायर कोणाला देत नाही. तिथेच आमची परीक्षा, तिथेच सुपरवायझरची नजर. मी म्हटलं, "डग, काय चाललंय?"

"काही नाही. तू दमलेला दिसतोस."

मला वाटलं, लेकाचा माझा पत्ता कापतोय. आणि दहाव्या दिवशी मोठ्या लीगचं बोलावणं आलं, डगला. मी त्याला मिठी मारली, खरंच मनापासून. रात्रंदिवस बरोबर काढलेली आठ वर्षं होती ती. त्याने मला सोडलंच नाही बराच वेळ. मी म्हटलं, "अरे, एवढं काय, माझा नंबर पुढच्या वेळी." त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

*

दुकानातून घरी पोचलो तेव्हा बाबा लॉन कापत होते. मी गाडीतून उतरून थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मशीन बंद केलं.

"बाबा, मला कॅन्सर आहे?"

कोणीही बाप काय म्हणेल? "वेडा आहेस का?" म्हणेल. "काय अभद्र बोलतोस?" म्हणेल. माझे बाबा म्हणाले, "कोणी सांगितलं?"

झालं. तोच माझा रिपोर्ट.

आई दारात आली, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग एकेक बाहेर यायला लागलं. गाठीचा रिपोर्ट काकांकडे आला, काकांनी बाबांना बोलावलं, बाबांनी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले: पोराला सांगू नका, सीझन संपेपर्यंत तरी नको, खचून जाईल. काका आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. हा प्रकार हळू वाढतो, तीन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. बाबांनी आईला सांगितलं. आईने एकाच मैत्रिणीला सांगितलं, शपथ घालून. मग रविवारी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये माझ्या तब्येतीसाठी परित्राणपाठ झाला. पन्नास-साठ माणसं आली होती, खीर केली होती. मला सोडून सगळे हजर.

"सगळ्यांना माहीत होतं," मी म्हटलं. "ज्या माणसाला कॅन्सर आहे, तो सोडून."

आई म्हणाली, "तुझ्यासाठीच रे बाप्पा. आम्ही काय सुखात होतो? तुझ्या बाबांनी तीन आठवडे धड जेवण केलं नाही."

"मग जेवायचं होतं आणि मला सांगायचं होतं!"

इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या गोऱ्या बाई कुंपणापाशी आल्या. मी आयुष्यात आई-वडिलांवर असा ओरडलो नव्हतो. भीती होतीच, नाही असं नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी मरणाची भीती दुसऱ्या नंबरवर होती. पहिल्या नंबरवर होता अपमान. केसाने गळा कापतात म्हणतात तसं झालं होतं, आणि कापणारे हात ओळखीचे.

*

त्याहून मोठा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. मी लीगच्या बॉसला फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते: आजारी आहे, ट्रीटमेंट घेणार, वसंतात परत येईन.

बॉस म्हणाला, "आम्हाला माहीत आहे, मिल. तुझ्या वडिलांनी फोन केला होता ना. फार सज्जन माणूस."

"कधी?"

"तीनेक आठवडे झाले असतील. त्यांनी तुला सांगू नका म्हणून विनंती केली होती. आम्ही तिचा मान ठेवला. डगला तेवढं सांगितलं, म्हणजे तो तुझ्याकडे लक्ष देईल."

मी फोन ठेवला आणि किचनमध्ये गेलो. बाबा टेबलाशी बसले होते, चहा निवलेला.

"बाबा, तुम्ही माझ्या बॉसला फोन केलात?"

"हो. तुला तिकडं वर पाठवणार म्हणून तू फोनवर सांगत होतास. किती दगदग. मी साहेबाला म्हटलं, सर, काइंडली माझ्या मुलाला लाइट ड्यूटी द्या."

लाइट ड्यूटी! नागपूरच्या कारखान्यात माणूस आजारी पडला की नातेवाईक साहेबाला भेटायचे. साहेब चांगला असला तर हातोडा काढून घेऊन रजिस्टरवर बसवायचा. पेशंटला कळायचंही नाही. पोट सुटलेला, घरच्यासारखा साहेब. बाबांच्या डोक्यात पंचवीस वर्षांनंतरही साहेब म्हणजे तोच. त्यांना वाटलं, साहेबाच्या कानावर घातलं की साहेब सांभाळून घेईल.

"बाबा, अंपायरला लाइट ड्यूटी नसते. मोठ्या लीगला बोलावणार होते ते मला. डग नाही, मी जाणार होतो."

बाबांना ते कळायला वेळ लागला. चेहऱ्यावर दिसत होतं, कसं हळूहळू कळतंय ते. "मले काय माहीत," म्हणाले. घरात शुद्ध बोलणारा माणूस, घाबरला की नागपूरला जातो.

मी आजही हा प्रश्न सोडवू शकलेलो नाही. मला खरंच निवडलं असतं का? बॉसने कधी सांगितलं नाही. आउट की सेफ, ते कळायच्या आधीच माझ्या बापाने मैदानातून मला उचलून नेलं, प्रेमाने, काखेत धरून.

*

सप्टेंबरात केमो सुरू झाली. दर दुसऱ्या गुरुवारी. पहिल्याच दिवशी बाबा माझ्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरायला बघत होते. "डॉक्टर, प्लीज टेल मी फर्स्ट." बाई उंच, कडक. म्हणाल्या, "नो सर. त्याचं शरीर, आधी त्याला." मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

तिथली नर्स ग्लोरिया. तिची एक पद्धत होती. प्रत्येक गोष्ट आधी सांगायची. "आता टोचणार, दुखेल." आणि दुखायचं. "हे लाल औषध आहे, घरी गेल्यावर लघवी लाल होईल, घाबरून मला फोन करू नकोस." आणि व्हायची. "उद्या बरं वाटेल, परवा बरं वाटणार नाही." अगदी तसंच. त्या सहा महिन्यांत तिचा एक कॉल चुकला नाही. तोंडाला सतत गंजलेल्या खिळ्याची चव, केस गेले, भुवया गेल्या, पण गुरुवारी त्या रबरी वासाच्या खुर्चीत बसलं की मला घरच्यापेक्षा सुरक्षित वाटायचं. घरी सगळे जपून बोलायचे. आई मुगाची पातळ खिचडी पुढे ठेवून म्हणायची, "आज चेहरा बरा दिसतो." मी बाथरूममध्ये जाऊन आरसा बघायचो. कुठे बरा?

बाबांशी बोलणं बंद केलं होतं मी. पण गाडी तेच चालवायचे. मला चालवता येत नव्हती, आईला हायवेची भीती. रूट वनवर जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस मिनिटं, दोघं मूग गिळून. येताना मला उलट्या व्हायच्या म्हणून त्यांनी सीटखाली एक प्लॅस्टिकची बादली ठेवली होती. मी ओकायचो, ते गाडी बाजूला घेऊन बादली स्वतः धुवून आणायचे, काही न बोलता. मला ते दिसायचं. मी काही बोलायचो नाही. तेव्हा मी वाईट वागलो असं आज कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण राग होता, त्याला काय करणार?

नोव्हेंबरात डग आला. मोठ्या लीगमध्ये अकरा मॅचेस करून आला होता. सोफ्याच्या टोकावर बसला, आईने दिलेला चिवडा एकेक दाणा करून खात राहिला.

"मला सांगू नको म्हणाले होते, मिल."

"तू अंपायर आहेस ना, डग? समोर दिसतंय ते सांगायचं, एवढंच तर आपलं काम."

"तुझे वडील रडत होते म्हणे फोनवर."

"आणि तू प्लेटची माझी पाळी घेतलीस."

तो रडला. मी नाही रडलो. जाताना त्याने टेबलावर एक बॉल ठेवला, त्याच्या पहिल्या मॅचचा. मी तो परत दिला. आता वाटतं, ठेवून घ्यायला हवा होता. पुढे डगला कायमची जागा मिळाली. चांगला अंपायर आहे, माझ्यापेक्षा थोडा हळू कॉल देतो.

जानेवारीत लीगचं पत्र आलं, दोन ओळींचं. पुढच्या सीझनसाठी जागा नाही, आजवरच्या सेवेबद्दल आभार. आजाराचा एक शब्द नाही. पत्र आईने आधी फोडून वाचलं होतं आणि परत चिकटवलं होतं. ते बघून मात्र मला हसू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

*

हे सगळं मी कशाला लिहितोय? आपल्या लोकांत आजही हेच चालतं म्हणून. रिपोर्ट आला की आधी काका, मग भाऊ, मग मेहुणा, मग अख्खं एडिसन, आणि शेवटी पेशंट. तुमच्या घरात असा कागद आला असेल तर ज्याचा आहे त्याला द्या. तो खचेल. खचू द्या. खचायचा पहिला हक्कही त्याचाच आहे. आणि पेशंट तुम्ही असाल, आणि घरचे अचानक फार गोड वागायला लागले असतील, तर आजच्या आज डॉक्टरला स्वतः फोन करा.

*

मार्चमध्ये शेवटचा स्कॅन झाला. रिझल्टच्या दिवशी बाबा घेऊन आले. आत यायला उठले, मी म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा." सहा महिन्यांत त्यांच्याशी बोललेलं ते माझं सर्वांत लांब वाक्य असेल. ते बसले.

आता कबूल करतो. माझा प्लॅन ठरलेला होता. कित्येक गुरुवार मनात घोळवला होता. रिझल्ट काहीही येवो, बाहेर येऊन सांगायचं, "तीन आठवड्यांनी कळेल." तीन आठवडे. मोजून. त्यांनाही कळू दे, आपलं सोडून सगळ्यांना माहीत असतं तेव्हा कसं वाटतं ते.

डॉक्टरीणबाईंनी मी खुर्चीत बसायच्या आतच सांगितलं, क्लीन आहे. कुठे काही नाही. पुढची पाच वर्षं येऊन दाखवत राहायचं, पण आज क्लीन.

मी बाहेर आलो. बाबा उभे होते. दोघांचेही कोट हातावर घेऊन, ऑफिसात साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहावं तसे. मी त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेलो, कोपऱ्यातल्या कूलरपाशी. कागदी पेल्यात पाणी घेतलं आणि प्यायलो. पाठीवर त्यांची नजर जाणवत होती. त्यांनी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवलाय हे त्यांना कळत होतं, आणि मला तेच हवं होतं, आणि ते मिळाल्यावर मला काही बरं वाटलं नाही.

तीन आठवडे ठरवले होते. पेलाभर पाणी पिईपर्यंत टिकले.

मी वळलो आणि दोन्ही हात आडवे पसरले, पूर्ण, मैदानात पसरायचो तसे. वेटिंग रूममधली माणसं बघायला लागली.

बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले. ओठ हलले. "वाइड?"

"सेफ, बाबा. सेफ आहे."

ते खाली बसले. कोटांत तोंड घालून रडले, लहान मुलासारखे, आवाज करून. मी शेजारी उभा राहिलो, हात नाही लावला. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याच कोटाच्या बाहीला डोळे पुसले आणि वर बघून म्हणाले, "वाइडच दे ना बे."

"काय?"

"वाइड दिला का बॉल परत टाकायला भेटते."

त्यांना कोणता बॉल परत टाकायचा होता, ते मला कळलं. तो फोन.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच शिकवलंत. बोट वर गेलं की गेलं."

त्यांनी मान हलवली. "हो. बरोबर आहे."

मग मी त्यांचा कोट उचलून, उघडून धरला. त्यांनी एक हात घातला, मग दुसरा.